पूलचा खेळाडू घडतो कोठे? अमेरिका, युरोप आणि महाराष्ट्र

अंबरनाथच्या बुवापाड्यापासून दक्षिण मुंबईतील जिमखान्यांपर्यंतचे अंतर सुमारे ६० किलोमीटरचे आहे. मध्य रेल्वेच्या लोकलने ते साधारण दीड तासात कापता येते. मात्र बिलियर्ड्स, स्नूकर किंवा पूल हा खेळ गांभीर्याने शिकू पाहणाऱ्या मुलासाठी हे अंतर केवळ किलोमीटरचे राहत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तासाच्या भाड्याने टेबल देणारी पार्लरे आली आणि तेथे मुले क्यू हातात धरायला शिकली. परंतु या मुलांपैकी एखाद्याचा हात खरोखरच चांगला असेल, तर त्याने पुढे कोणाकडे जावे, कोणत्या स्पर्धेत उतरावे आणि त्याच्या खेळाची दखल कोणी घ्यावी, याचे उत्तर पार्लरमध्ये मिळत नाही.

हा प्रश्न एकट्या अंबरनाथचा किंवा महाराष्ट्राचा नाही. पूल या खेळात गेली काही दशके आघाडीवर राहिलेल्या अमेरिका आणि युरोप यांनाही तो सोडवावा लागला आणि दोघांनी तो अगदी वेगळ्या रीतीने सोडवला. अमेरिकेने खेळाडू घडवण्याचे काम बाजारावर सोपवले, तर युरोपने ते क्लब आणि महासंघ यांच्याकडे दिले. या दोन पद्धतींची फळे आता आकड्यांतही दिसू लागली आहेत. बिलियर्ड्समध्ये जगज्जेते देणाऱ्या महाराष्ट्राने या दोन्ही पद्धतींकडे डोळसपणे पाहणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

एक कुटुंब, अनेक खेळ

बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल या तिन्ही खेळांत क्यू म्हणजे काठी, कापडाने मढवलेले टेबल आणि चेंडू हीच सामग्री असते. तरीही हे तीन खेळ वेगळे आहेत. इंग्लिश बिलियर्ड्स तीन चेंडूंनी खेळला जातो. त्यात चेंडू पॉकेटात घालण्याबरोबरच एका चेंडूने दुसऱ्या दोन्ही चेंडूंना स्पर्श करण्याचेही गुण मिळतात. स्नूकरमध्ये १५ लाल, ६ रंगीत आणि १ पांढरा असे २२ चेंडू असतात. हे दोन्ही खेळ १२ फुटी टेबलावर होतात. स्नूकरचा जन्म भारतातच झाला. ब्रिटिश सैन्यातील अधिकारी नेव्हिल चेंबरलेन यांनी १८७५ मध्ये जबलपूर येथे या खेळाची कल्पना मांडली, असे मानले जाते.

पूलचे टेबल लहान, पॉकेटे मोठी आणि चेंडूही स्नूकरपेक्षा मोठे असतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी ९ फुटी टेबल वापरतात. ‘एट-बॉल’मध्ये एका खेळाडूने आखीव आणि दुसऱ्याने सलग रंगाचे चेंडू घालून शेवटी आठ क्रमांकाचा चेंडू घालायचा असतो. ‘नाइन-बॉल’मध्ये टेबलावरील सर्वांत कमी क्रमांकाच्या चेंडूला आधी स्पर्श करावा लागतो आणि नऊ क्रमांकाचा चेंडू नियमानुसार घालणारा डाव जिंकतो. ‘टेन-बॉल’ हा त्याचाच अधिक कठोर प्रकार होय. याशिवाय ‘स्ट्रेट पूल’ किंवा १४.१ हा जुना प्रकार आहे. त्यात प्रत्येक चेंडूला एक गुण असतो आणि १४ चेंडू संपले की ते पुन्हा मांडून खेळ पुढे चालू ठेवला जातो. पोझिशनचा, म्हणजे पुढच्या फटक्यासाठी पांढरा चेंडू नेमका कोठे थांबवायचा याचा, सर्वांत चांगला अभ्यास याच प्रकारात होतो, असे जाणकार मानतात.

कोणत्याही प्रकारात खेळाडू घडण्यासाठी चार गोष्टी लागतात. पहिली, टेबलावर पुरेसा वेळ. दुसरी, चूक दाखवणारा जाणता माणूस. तिसरी, पातळीनुसार चढत जाणाऱ्या स्पर्धा. चौथी, खेळत राहण्यासाठी लागणारे उत्पन्न. अमेरिका आणि युरोप यांतील फरक या चार गोष्टी कोण पुरवतो, यातच आहे.

अमेरिका: हॉल, पैज आणि लीग

अमेरिकेत पूल वाढला तो ‘पूल हॉल’मध्ये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरोशहरी असे हॉल होते. विली मॉस्कोनी यांच्यासारखे खेळाडू त्याच वातावरणातून आले. मॉस्कोनी यांनी १९५४ मध्ये ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे प्रदर्शनीय सामन्यात स्ट्रेट पूलमध्ये सलग ५२६ चेंडू घातले होते आणि हा आकडा पुढे कित्येक दशके प्रमाण मानला गेला. १९६१ मधील ‘द हसलर’ आणि १९८६ मधील ‘द कलर ऑफ मनी’ या दोन चित्रपटांनी खेळाला लोकप्रियतेच्या दोन लाटा दिल्या. त्याच चित्रपटांनी पूल म्हणजे पैजा लावणाऱ्यांचा खेळ, ही प्रतिमाही पक्की केली.

ही प्रतिमा सर्वस्वी खोटी नव्हती. अमेरिकी खेळाडूंच्या कित्येक पिढ्या पैजेच्या सामन्यांतून तयार झाल्या. तेथे प्रशिक्षक नसे. समोर अधिक चांगला खेळाडू असे आणि हरल्यावर खिसा रिकामा होई. या शिक्षणातून दबावाखाली न डगमगणारे, कल्पक आणि धाडसी खेळाडू निर्माण झाले. अर्ल स्ट्रिकलंड आणि जॉनी आर्चर ही त्यातील ठळक नावे. १९९० मध्ये जर्मनीतील बर्गहाइम येथे पहिली जागतिक नाइन-बॉल स्पर्धा झाली, तेव्हा विजेतेपद स्ट्रिकलंड याने मिळवले आणि पुढच्या वर्षी ते राखले. १९९२ मध्ये ते आर्चरकडे गेले.

हौशी खेळाडूंसाठी अमेरिकेने लीगची वेगळी व्यवस्था उभी केली. टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ मध्ये सुरू केलेली अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन ही त्यातील सर्वांत मोठी. बारमध्ये आणि पूल हॉलमध्ये आठवड्यातून एकदा सांघिक सामने होतात आणि ते प्रामुख्याने ७ फुटी टेबलांवर होतात. प्रत्येक खेळाडूला त्याच्या कौशल्यानुसार श्रेणी दिली जाते. कच्च्या खेळाडूला कमी डाव जिंकावे लागतात, पक्क्याला अधिक. त्यामुळे कामावरून सुटलेला नवखा माणूसही मुरलेल्या खेळाडूला हरवू शकतो. लाखोंच्या संख्येने माणसे या लीगमध्ये खेळतात, यामागे हीच सोय आहे.

परंतु या सोयीत एक अडचणही दडलेली आहे. एट-बॉलच्या सामन्यात उतरणाऱ्या पाच खेळाडूंच्या श्रेणींची बेरीज २३ पेक्षा अधिक होता कामा नये, असा या लीगचा नियम आहे. संघातील खेळाडू सुधारू लागले की बेरीज वाढते आणि संघ फोडण्याची वेळ येते. म्हणजे खेळ पसरवण्यासाठी उत्तम असलेली ही व्यवस्था खेळाडूला वरच्या पायरीवर नेण्यासाठी रचलेलीच नाही. तिचा हेतूही तो नाही.

कनिष्ठ गटासाठी अमेरिकेत काहीच झाले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या बिलियर्ड काँग्रेस ऑफ अमेरिकेशी संलग्न बिलियर्ड एज्युकेशन फाउंडेशनने अनेक वर्षे राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धा भरवल्या. महाविद्यालयीन स्पर्धाही झाल्या. मात्र अमेरिकेत क्रीडा मंत्रालय नाही आणि ऑलिंपिकबाहेरच्या खेळाला सरकारी आधार जवळजवळ नाही. गुणी मुलगा पुढे जायचा तो घराच्या बळावर. जागतिक विजेता शेन व्हॅन बोनिंग हा दक्षिण डाकोटा राज्यातील रॅपिड सिटीचा. त्याच्या घरातच पूल खेळण्याची परंपरा होती, म्हणून त्याला लहानपणापासून टेबल मिळाले. ज्याच्या घरी अशी परंपरा नाही, त्याच्यासाठी ठरलेला मार्ग नव्हता.

व्यावसायिक पातळीवरही अस्थैर्य राहिले. २००५ मध्ये मोठा गाजावाजा करून इंटरनॅशनल पूल टूर सुरू झाली. २००६ मध्ये नेवाडातील रीनो येथील एट-बॉल स्पर्धेत फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस याने पाच लाख डॉलरचे पहिले बक्षीस जिंकले. तथापि आयोजकांना बक्षिसांची रक्कम वेळेवर देता आली नाही आणि ही मालिका बंद पडली. बाजारावर उभी राहिलेली व्यवस्था बाजाराबरोबरच कोसळते, याचे ते उदाहरण ठरले.

युरोप: क्लब आणि महासंघ

युरोपात पूल उशिरा पोहोचला. त्यामुळे तेथे तो रुजला तो आधीच अस्तित्वात असलेल्या क्रीडा क्लबांच्या चौकटीत. जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया या देशांत फुटबॉल, टेबल टेनिस किंवा नेमबाजी यांच्याप्रमाणेच बिलियर्ड्सचेही नोंदणीकृत क्लब असतात. वर्गणी भरून कोणालाही सदस्य होता येते. क्लब राज्य संघटनेला, राज्य संघटना राष्ट्रीय महासंघाला आणि राष्ट्रीय महासंघ युरोपियन पॉकेट बिलियर्ड फेडरेशनला जोडलेला असतो. या युरोपीय महासंघाची स्थापना १९७८ मध्ये झाली.

या साखळीचा फायदा असा की, क्लबमध्ये आलेल्या बारा वर्षांच्या मुलाला पुढची पायरी शोधावी लागत नाही. क्लबच्या कनिष्ठ संघातून जिल्हा पातळी, तेथून राज्य पातळी, मग राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धा आणि त्यानंतर युरोपीय कनिष्ठ अजिंक्यपद, असा क्रम ठरलेला आहे. वरिष्ठ गटात आल्यावर त्याला लीगचे सामने मिळतात. जर्मनीत तर फुटबॉलप्रमाणेच पूलचीही ‘बुंडेसलिगा’ आहे. वर चढणे आणि खाली घसरणे संघाच्या निकालावर ठरते. येथे श्रेणीनुसार सवलत नाही. अधिक चांगला खेळणारा वर जातो.

१९९२ पासून सुरू असलेल्या युरो टूरने या साखळीला शेवटचा दुवा दिला. वर्षातून काही वेळा निरनिराळ्या देशांत होणाऱ्या या स्पर्धांत नामवंत व्यावसायिक आणि उदयोन्मुख खेळाडू एकाच सोडतीत असतात. अल्बानिया, एस्टोनिया, ग्रीस, बोस्निया अशा लहान देशांतील खेळाडूही त्यामुळे पुढे आले. अल्बानियाचा एकलेंट काची हा युरोपच्या संघात स्थान मिळवणारा खेळाडू १९९९ मध्ये जन्मलेला आहे. ज्या देशात मोठा बाजार नाही, तेथूनही जागतिक दर्जाचा खेळाडू येऊ शकतो, हे त्यातून दिसते.

शिकवण्याच्या बाबतीतही फरक आहे. जर्मनीत अन्य खेळांप्रमाणे बिलियर्ड्सच्या प्रशिक्षकांसाठीही परवान्यांच्या पायऱ्या आहेत. खेळाडू उभा कसा राहतो, क्यू सरळ जातो की नाही, हात कोठे थांबतो, यांचा अभ्यास पद्धतशीरपणे केला जातो. जर्मनीच्या क्लब सामन्यांत एट-बॉल, नाइन-बॉल आणि टेन-बॉल यांच्या जोडीला १४.१ हा प्रकारही खेळला जातो. अमेरिकेत जन्मलेला आणि तेथे मागे पडलेला हा प्रकार जर्मन क्लबांनी जपला. ओलिव्हर ऑर्टमन, राल्फ सुके, थॉर्स्टन होमन हे जागतिक विजेते याच मुशीतून आले. ऑर्टमन याने १९९५ मध्ये, सुके याने १९९६ मध्ये, तर होमन याने २००३ आणि २०१३ मध्ये जागतिक नाइन-बॉल विजेतेपद मिळवले. २०१८ मध्ये जर्मनीचाच जोशुआ फिलर वयाच्या २१ व्या वर्षी विजेता झाला. ऑस्ट्रियाच्या अल्बिन ऊशानने २०१६ आणि २०२१ मध्ये ही स्पर्धा जिंकली.

युरोपच्या पद्धतीवर टीकाही होते. एकाच साच्यातून आलेले खेळाडू एकसारखे खेळतात, पैजेच्या सामन्यातील बेडरपणा त्यांच्याकडे नसतो, असे अमेरिकी जाणकार पूर्वी म्हणत असत. फिलरसारख्या वेगवान आणि आक्रमक खेळाडूने या टीकेला टेबलावरच उत्तर दिले.

मॉस्कोनी चषकाचा ताळेबंद

या दोन पद्धतींची थेट तुलना करण्याची सोय मॉस्कोनी चषकाने करून दिली आहे. विली मॉस्कोनी यांच्या नावाने १९९४ मध्ये ब्रिटनमधील मॅचरूम या संस्थेने सुरू केलेली ही स्पर्धा अमेरिका आणि युरोप यांच्या संघांत दरवर्षी होते. १९९४ ते २००५ या पहिल्या १२ वर्षांत अमेरिकेने १० वेळा चषक जिंकला. युरोपला केवळ १९९५ आणि २००२ मध्ये यश मिळाले. २००६ मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे सामना १२-१२ असा बरोबरीत सुटला. त्यानंतर चित्र पालटले. २००७ ते २०२४ या १८ वर्षांत युरोपने १५ वेळा, तर अमेरिकेने अवघ्या तीन वेळा चषक मिळवला. २०१० ते २०१७ अशी सलग आठ वर्षे तो युरोपकडे होता.

अमेरिकेच्या या तीन विजयांपैकी दोन, २०१८ आणि २०१९ मधील, विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. त्या वेळी अमेरिकी संघाची धुरा योहान रायसिंक या डच प्रशिक्षकाकडे होती. त्यापूर्वी त्यांनीच युरोपच्या संघाला अनेक विजय मिळवून दिले होते. खेळाडू अमेरिकी होते, पण संघबांधणीची, सरावाची आणि जबाबदारी वाटून घेण्याची शिस्त युरोपची होती.

वैयक्तिक स्पर्धांतही हेच दिसते. २००२ मध्ये अर्ल स्ट्रिकलंड जागतिक विजेता झाल्यानंतर अमेरिकेत घडलेल्या खेळाडूला हा मान पुन्हा मिळण्यास २० वर्षे लागली. तो २०२२ मध्ये शेन व्हॅन बोनिंगने मिळवला. २०२४ च्या मॉस्कोनी चषकात अमेरिकेकडून खेळलेला फेडोर गोर्स्ट हा मूळचा रशियाचा. २०१९ मध्ये, वयाच्या विशीच्या आत, तो जागतिक विजेता झाला होता. अमेरिकेत तो आला तो तयार खेळाडू म्हणून. स्ट्रेट पूलमधील मॉस्कोनी यांचा ५२६ चा आकडा अमेरिकेच्या जॉन श्मिट याने २०१९ मध्ये ६२६ चेंडूंसह मागे टाकला. परंतु २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या जेसन शॉ याने सातशेचा टप्पा ओलांडला. १९७६ मध्ये सुरू झालेली यूएस ओपन नाइन-बॉल ही अमेरिकेची प्रतिष्ठेची स्पर्धाही २०१८ पासून मॅचरूमच्या ताब्यात गेली.

यावरून पैजेचा सामना वाईट आणि महासंघ चांगला, असा सरळ निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. फिलिपिन्समध्ये खेळ पूल हॉल आणि पैजा यांतूनच वाढला आणि तेथून १९९९ चा जागतिक विजेता एफ्रेन रेयेस आला. तैवानचा वू चिया-चिंग २००५ मध्ये वयाच्या १६ व्या वर्षी जागतिक विजेता झाला. फरक असा की, तेथे टेबलाचे भाडे परवडण्यासारखे होते आणि चांगला खेळणारा मुलगा त्याच हॉलमधल्या मोठ्या खेळाडूंच्या सहवासात दिवसचे दिवस काढू शकत होता. टेबल आणि गुरू या दोन गोष्टी त्याला मिळत होत्या, मग त्या कोणत्याही मार्गाने का असेनात.

महाराष्ट्र: जिमखान्याची परंपरा

महाराष्ट्राने यापैकी कोणता मार्ग धरला, याचे उत्तर ‘दोन्ही नाही’ असे द्यावे लागते. येथे बिलियर्ड्स आला तो ब्रिटिशांच्या क्लबांतून आणि स्थिरावला तो जिमखान्यांत. मुंबई आणि पुण्यातील जिमखाने व क्लब यांच्या बिलियर्ड रूममध्ये उत्तम टेबले, शांतता आणि जाणते खेळाडू होते. गुण मांडणारा आणि टेबलाची देखभाल करणारा ‘मार्कर’ही तेथे असे. अनेक नवख्यांना क्यू धरण्याचे पहिले धडे या मार्करांनीच दिले.

या परंपरेचे यश निर्विवाद आहे. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकाता येथे जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद मिळवले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय होत. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी या यशाची पुनरावृत्ती केली. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीन वेळा जागतिक हौशी विजेते झाले. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी १,१४९ गुणांचा ब्रेक केला. हौशी खेळाडूने हजाराचा टप्पा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती. जोन्स यांना १९९६ मध्ये आणि फरेरा यांना २००१ मध्ये प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

त्यानंतरच्या पिढीत मुंबईच्या यासिन मर्चंट यांनी स्नूकरमध्ये आशियाई विजेतेपद मिळवले. रेल्वेचे अशोक शांडिल्य यांनी १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत बिलियर्ड्सच्या एकेरीत सुवर्णपदक जिंकले आणि गीत सेठी यांच्यासोबत दुहेरीतही सुवर्ण मिळवले. मुंबईचा आदित्य मेहता याने २०१३ मध्ये कोलंबियातील काली येथील वर्ल्ड गेम्समध्ये स्नूकरचे सुवर्णपदक पटकावले. त्याच वर्षी नवी दिल्लीतील इंडियन ओपनमध्ये व्यावसायिक मानांकन स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला.

परंतु जिमखाना ही युरोपच्या अर्थाने ‘क्लब’ नव्हे. जर्मन क्लबमध्ये वर्गणी भरून कोणीही येऊ शकतो. येथे सदस्यत्व मर्यादित, खर्चिक आणि बहुधा कुटुंबाकडून आलेले असते. वरळीच्या नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडियासारख्या संस्था बाहेरच्या खेळाडूंसाठी खुल्या स्पर्धा भरवतात आणि या स्पर्धांनी राज्यातील खेळाला मोठा हातभार लावला आहे. पण स्पर्धेचे दोन दिवस टेबल मिळणे आणि वर्षभर सरावाला टेबल मिळणे, यांत मोठे अंतर असते.

दुसऱ्या बाजूला पार्लरे आहेत. १९९० नंतर आणि विशेषतः २००० च्या दशकात शहरांबरोबर उपनगरांतही पूलची टेबले दिसू लागली. त्यांनी खेळ सामान्य घरातील मुलांपर्यंत नेला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र अमेरिकेप्रमाणे त्यांना जोडणारी लीग उभी राहिली नाही आणि युरोपप्रमाणे त्यांना संघटनेत स्थानही मिळाले नाही. सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे नियमन पोलिसांकडे असते. त्यामुळे जिमखान्यातील टेबल हे क्रीडासाहित्य मानले जाते आणि पार्लरमधील टेबल करमणुकीत मोडते. पालकांच्या नजरेतही हाच भेद असतो. मुलगा जिमखान्यात स्नूकर खेळतो, असे सांगताना संकोच वाटत नाही. तो नाक्यावरच्या पार्लरमध्ये असतो, असे सांगताना वाटतो.

बंगळुरूचा धडा

या भेदावर भारतातच एक उत्तर सापडलेले आहे. जागतिक विजेतेपदांचा विक्रम करणारा पंकज अडवानी याचा जन्म १९८५ मध्ये पुण्यात झाला. बालपणीची काही वर्षे कुवेतमध्ये काढल्यानंतर त्याचे कुटुंब बंगळुरूला स्थायिक झाले. तेथे थोरल्या भावाच्या मागे तो पार्लरमध्ये गेला आणि खेळाकडे ओढला गेला. येथपर्यंतची कथा कोणत्याही उपनगरातील मुलाची असू शकते. पुढची मात्र वेगळी आहे. कर्नाटक राज्य बिलियर्ड्स संघटनेकडे बंगळुरूमध्ये स्वतःची जागा आणि टेबले होती. तेथे माजी राष्ट्रीय विजेते अरविंद सवूर यांनी त्याला हाताखाली घेतले. २००३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, चीनमधील जियांगमेन येथे तो स्नूकरचा जागतिक हौशी विजेता झाला. पुढे २००६ च्या दोहा आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने बिलियर्ड्सचे सुवर्णपदक जिंकले.

अडवानीची प्रतिभा असामान्य आहे, यात शंका नाही. तथापि पार्लरमधून बाहेर पडल्यावर त्याच्यासमोर दार होते आणि त्या दारामागे गुरू होता, हेही तितकेच खरे. राज्य संघटनेची स्वतःची टेबले, तेथे येणारे ज्येष्ठ खेळाडू आणि कनिष्ठ गटाच्या नियमित स्पर्धा, ही रचना युरोपच्या क्लबच्या जवळ जाणारी आहे.

उत्पन्नाच्या प्रश्नावर भारतीय व्यवस्थेने दिलेले उत्तरही नोंद घेण्यासारखे आहे. अमेरिकी खेळाडू बक्षिसांवर आणि प्रायोजकांवर अवलंबून असतो. भारतात रेल्वे आणि तेल कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. शांडिल्य, कमल चावला आणि मलकीत सिंग रेल्वेकडून खेळले, तर अडवानी तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाच्या सेवेत आला. मात्र ही नोकरी खेळाडू घडल्यानंतर मिळते, घडत असताना नाही.

कल्याणच्या पुढे

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यासाठी या तुलनेतून काही व्यवहार्य गोष्टी निघतात. यातील पहिली म्हणजे पार्लरांची लीग. चार-पाच पार्लरांनी एकत्र येऊन आठवड्यातून एकदा सांघिक सामने ठेवले, तर अमेरिकेच्या पद्धतीचा सर्वांत चांगला भाग फारशा खर्चाशिवाय आणता येतो. मात्र त्यात कनिष्ठ गट वेगळा ठेवावा आणि त्या गटात श्रेणीची सवलत नसावी. सुधारणाऱ्या मुलाला सुधारण्याचे फळ मिळाले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे संघटनेशी नाते. राज्य पातळीवर बिलियर्ड्स अँड स्नूकर असोसिएशन ऑफ महाराष्ट्र आणि राष्ट्रीय पातळीवर बिलियर्ड्स अँड स्नूकर फेडरेशन ऑफ इंडिया या संघटना आहेत. राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत बिलियर्ड्स आणि स्नूकरबरोबर पूलचाही समावेश असतो. उपनगरातील मुलाला राज्य निवड स्पर्धेची माहिती वेळेवर मिळणे, प्रवेश शुल्क परवडणे आणि पहिली फेरी घराजवळ खेळता येणे, एवढ्यानेही चित्र बदलू शकते. युरोपमध्ये जिल्हा पातळीची स्पर्धा हेच काम करते.

तिसरी गोष्ट टेबलाची. लहान टेबलावर शिकलेला खेळाडू ९ फुटी टेबलावर आला की त्याचे लांबचे फटके चुकतात. स्नूकरच्या १२ फुटी टेबलावर तर तो हरवूनच जातो. याउलट स्नूकरवर तयार झालेला खेळाडू पूलमध्ये लवकर रुळतो. इंग्लंडची ॲलिसन फिशर हिने महिला स्नूकरमध्ये अनेक जागतिक विजेतेपदे मिळवल्यानंतर १९९५ मध्ये अमेरिका गाठली आणि पुढच्याच वर्षी ती नाइन-बॉलची जागतिक विजेती झाली. नगरपालिकेच्या किंवा संस्थेच्या एखाद्या क्रीडा संकुलात स्नूकरचे एक आणि पूलचे एक पूर्ण मापाचे टेबल असेल आणि शाळा सुटल्यानंतरचे दोन तास ते अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी राखून ठेवले, तर पार्लर आणि जिमखाना यांच्यामधील पायरी तयार होईल. मुलींच्या दृष्टीने तर ती अधिकच गरजेची आहे, कारण पार्लरचे दार त्यांच्यासाठी क्वचितच उघडे असते.

चौथी गोष्ट शिकवणाऱ्यांची. मुंबई आणि पुण्यात राष्ट्रीय पातळीवर खेळलेले अनेक खेळाडू आहेत. जिमखान्यांत आयुष्य घालवलेले मार्करही आहेत. त्यांचे ज्ञान आज बिलियर्ड रूमच्या भिंतींच्या आत राहते. महिन्यातून एक रविवार जरी त्यांच्यापैकी कोणी कल्याणच्या पुढच्या गाडीत बसले, तरी मुलांच्या उभे राहण्यातील आणि क्यू धरण्यातील मूलभूत चुका वेळीच दुरुस्त होतील. या चुका वयाच्या बाराव्या वर्षी सहज सुटतात, विसाव्या वर्षी सुटत नाहीत.

ऑलिंपिकमध्ये या खेळाला अद्याप स्थान नाही. आशियाई स्पर्धेतही १९९८ ते २०१० या काळात समाविष्ट असलेला हा खेळ २०१४ पासूनच्या स्पर्धांत वगळला गेला. २००१ पासून वर्ल्ड गेम्समध्ये मात्र तो आहे. मोठ्या पदकांची वाट अरुंद झाल्याने सरकारी मदत आपसूक येईल, ही अपेक्षा ठेवणे व्यवहार्य नाही. अशा वेळी गावपातळीवरील रचना अधिक महत्त्वाची ठरते. युरोपातील बहुतेक क्लब सरकारच्या मोठ्या निधीवर उभे राहिले नाहीत. सदस्यांची वर्गणी, एक खोली, काही टेबले आणि दर आठवड्याला नेमाने होणारे सामने यांवर ते चालत आले. तेवढे करण्यासाठी अंबरनाथला परवानगी मुंबईहून आणावी लागणार नाही.